सडी स्वारी आणि आमची ३१ किलोंची गाडी

मागच्या वर्षीच्या सायकल कॅम्पला दुसऱ्या रात्री पाऊस आला. बंगळुरूकडचा ऑक्टोबरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर ऊन असते आणि रात्री अकराला आभाळ फाटते. आम्ही नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी होतो. सातवीतला एक ज्युनियर संध्याकाळपासून कण्हत होता. रात्री त्याचा ताप १०२ झाला. दोन माणसांच्या तंबूत चार जण होते आणि ग्राउंडशीटच्या खालून पाणी वाहत होते. शेवटी त्याला सामानाच्या ट्रकच्या केबिनमध्ये झोपवले. केबिनमध्ये पाय लांब करता येत नाहीत. तो गुडघे पोटाशी घेऊन पहाटेपर्यंत पडून राहिला. सेक्शनचा सीनियर म्हणून मी फुटबोर्डवर बसलो होतो. डॉक्टर सकाळी आले, औषध मिळाले, पोरगा तीन दिवसांत बरा झाला. म्हणजे काही विशेष घडले नाही. पण एका आजारी मुलाला कोरडी, सपाट, सहा फुटांची जागा आपण देऊ शकलो नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही.

त्यातूनच आमच्या हॉबी क्लबची थर्माकोल आणि कापडाची गाडी झाली. ज्यांनी ती प्रदर्शनात पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकलच्या मागे जोडायची दोन चाकांची छोटी गाडी आहे. लांबी सहा फूट तीन इंच, रुंदी अडीच फूट, उंची तीन फूट. आत एक माणूस पाय पसरून झोपतो. प्रदर्शनात तिला दुसरा नंबर मिळाला. आता ती स्टोअरच्या मागे उभी आहे आणि जागा अडते म्हणून मोडून टाकावी, असे काही जणांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. ती या वर्षीच्या सायकल कॅम्पला गेली पाहिजे. आजारी मुलासाठी म्हणून गेली पाहिजे, आणि तिथे फुटली तर फुटू द्या.

आधी ती कशी बनते ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती पुठ्ठ्याची वाटते.

अमेरिकेत गाडीमागे ओढायची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची छोटी घरे लोक १९३० च्या दशकापासून घरच्या घरी बनवत आले आहेत. ती बहुतेक प्लायवूडची असत. पुढे काही हौशी लोकांनी लाकूड काढून टाकले आणि इमारतीत उष्णता अडवायला वापरतात त्या दाट थर्माकोलच्या पाट्या घेतल्या. पाटीच्या दोन्ही बाजूंना रंगाऱ्याचे जाड कापड गोंदाने चिकटवायचे आणि वर बाहेरच्या भिंतीचा रंग द्यायचा. बस, एवढेच. यात फायबर ग्लास नाही आणि वास येणारे रसायनही नाही.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मलाही हसू आले. मग फिजिक्सच्या सरांनी लॅबमध्ये एक प्रयोग करून दाखवला. दोन फूट लांब, चार इंच रुंद थर्माकोलची पट्टी घेतली. दोन विटांवर ठेवून मधे बोट दाबले, टक्कन मोडली. दुसऱ्या पट्टीला वरून आणि खालून मांजरपाट चिकटवून दोन दिवस वाळवला होता. ती विटांवर ठेवली आणि सर मला म्हणाले, उभा राहा. माझे वजन ५२ किलो आहे. पट्टी वाकली, कुरकुरली, पण मोडली नाही.

कारण सोपे आहे. पट्टी वाकते तेव्हा खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. थर्माकोल ताणाला कच्चा, कापड ताणाला पक्के. उलट कापड दाबले की त्याला सुरकुती पडते, पण मागून थर्माकोलने धरून ठेवले असेल तर सुरकुती पडायला जागाच राहत नाही. म्हणजे दोन कच्च्या वस्तू एकमेकींचा दोष झाकतात. मधल्या थराचे मुख्य काम दोन कापडांना एकमेकांपासून लांब ठेवणे. जेवढे लांब, तेवढी पाटी ताठ.

ही नवी युक्ती आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे मॉस्किटो विमान आठवा. त्याचे धड बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सासारखे हलके लाकूड घालून बनवले होते. आणि आपण तर ज्या शहरात शिकतो तिथे हे सांगायची गरजच पडू नये. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने इथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. त्या कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षणाचे विमान १९५१ मध्ये उडाले. ते धातूचे होते. पण १९५८ मध्ये याच कारखान्यातून पुष्पक नावाचे दोन आसनी विमान निघाले. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, नळ्यांचा सांगाडा आणि वरून ताणलेले कापड. कापडावर डोप नावाचा लेप देत, तो वाळला की कापड ढोलकीसारखे ताठ होई. देशातल्या कितीतरी फ्लाइंग क्लबमध्ये मुले त्या कापडी विमानावर उडायला शिकली. तेव्हा ‘कापडाची आहे, टिकणार कशी?’ असे बंगळुरूत बसून विचारणे मला जरा विनोदी वाटते.

आता आमच्या चुका. त्या लपवल्या तर लेख खोटा होईल.

पहिली चूक माझीच. पहिल्या पाटीवर मी घाईने स्प्रेचा रंग मारला. मला वाटले, रंग तो रंग. दहा मिनिटांत पाटीला जाळी पडली, उन्हात ठेवलेल्या तुपासारखी ती खचत गेली. स्प्रे आणि ऑइल पेंटमध्ये जो थिनर असतो तो थर्माकोल विरघळवतो. पेट्रोलही विरघळवते. पाण्यावरचा रंग आणि पाण्यावरचा गोंद चालतो, हे आम्ही एक पाटी घालवून शिकलो.

दुसरी चूक म्हणजे एका बाजूला कापड लावून दुसरी बाजू ‘उद्या करू’ म्हणून ठेवणे. सुती कापड वाळताना आकसते. सकाळी येऊन पाहतो तो पाटी पापडासारखी वाकलेली. दोन्ही बाजू एकाच दिवशी केल्या की दोन्हीकडचा ओढा सारखा पडतो. तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. आम्ही साधा पांढरा गोंद वापरला. तो वाळल्यावर पक्का वाटतो, पण पाणी लागले की परत मऊ होतो. जूनच्या दोन पावसांत छपराच्या कापडाला फोड आले आणि स्टोअरच्या मागे आंबलेल्या कांजीसारखा वास सुटला. पूर्ण छप्पर सोलून काढावे लागले. नंतर सुतार ओल्या जागेच्या कपाटांना वापरतात तो पाण्यात टिकणारा गोंद आणला.

बाकीचे काम पटकन सांगतो. भिंती आणि छपराला एक इंची पाट्या, तळाला दोन इंची. जोडांना गोंद आणि बांबूच्या काड्या. थर्माकोलमध्ये स्क्रू धरत नाही, म्हणून बिजागरी आणि कडी लावायच्या जागी आधीच लाकडाची ठोकळी बसवली. लोखंडी चौकट वर्कशॉपच्या भाऊंनी वेल्डिंग करून दिली, आम्हाला वेल्डिंगला हात लावायची परवानगी नव्हती. चाके दोन जुन्या लहान सायकलींची. खर्च सगळा मिळून साडेआठ हजार, त्यात वाया गेलेला गोंद धरला आहे.

मेसच्या काट्यावर गाडी ३१ किलो भरली. तेवढीच पेटी बारा मिलिमीटर प्लायवूडची केली असती तर नुसत्या फळ्याच साठ किलोंच्या जवळ गेल्या असत्या.

वजनाचा विषय निघाला म्हणून. आपल्या स्टोअरमध्ये जो मोठा तंबू आहे त्याला सगळे ‘वन एटी पाउंडर’ म्हणतात. म्हणजे १८० पौंड, सुमारे ८२ किलो. फौजेत तंबूची ओळखच वजनाने होते, यावरून ज्याला तो वाहावा लागतो त्याला काय महत्त्वाचे वाटते ते कळते. ही तुलना पूर्ण बरोबर नाही हे मान्य. त्या तंबूत पुष्कळ माणसे झोपतात आणि आमच्या गाडीत एक. पण तो तंबू ट्रकशिवाय हलत नाही आणि ट्रक सायकलच्या वाटेवर येत नाही.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितले तेव्हापासून ते माझ्या मनात बसले आहेत. सडी स्वारी आणि बुणगे. सडी म्हणजे ओझ्याशिवाय, नुसते घोडे आणि भाला. बुणगे म्हणजे सैन्यामागून चालणारा बाजार, सामान, बिनलढाऊ माणसे. मराठे सडे होते तोवर कोणाच्या हाती लागत नव्हते. १७६१ ला पानिपतावर गेलो ते बुणग्यांसकट. हरण्याची कारणे पुष्कळ होती आणि पंधरा वर्षांच्या मुलाने त्यावर निकाल देऊ नये. पण आपल्या कॅम्पची सामानाची यादी वाचताना मला बुणगे आठवतात, हे खरे आहे.

माझे एक उस्ताद आहेत, त्यांचा आक्षेप मी सगळ्यात मोठा मानतो. ते म्हणाले, “बेटा, कॅम्प इसलिये होता है कि तुम जमीन पे सोना सीखो. तुम तो पलंग लेके चल रहे हो.” मी ‘यस उस्ताद’ म्हणालो, कारण फॉलिनमध्ये वाद घालत नाहीत. इथे उत्तर देतो. जमिनीवर झोपायची सवय लागलीच पाहिजे, मी स्वतः झोपतो आणि मला ते आवडतेही. गाडी धडधाकट मुलासाठी नाहीच. स्ट्रेचर घेऊन गेलो म्हणून पलटण आळशी होते का? ताप आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला चिखलात झोपवून तो कणखर होत नाही, त्याला न्यूमोनिया होतो. आणि कणखरपणाचेच बोलायचे तर ३१ किलो मागे बांधून पन्नास किलोमीटर सायकल मारून बघा. ज्याला पलंग वाटतो त्याने पहिली पाळी घ्यावी.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो बरोबर आहे. प्रदर्शनाच्या दिवशी एका काकूंनी विचारले, “अरे, हे पेटले तर?” पेटेल. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, पेटला की वितळून थेंब पडतात आणि काळा विषारी धूर होतो. कापड आणि रंगामुळे ठिणगी लगेच आत पोचत नाही, पण त्यावर भरवसा ठेवणे मूर्खपणा आहे. म्हणून गाडीच्या दारावर लाल अक्षरांत तीन गोष्टींना बंदी लिहिली आहे: स्टोव्ह, मेणबत्ती, डासांची कॉइल. उजेडाला फक्त टॉर्च. शेकोटीपासून किमान पंधरा पावले लांब. डोक्याकडे आणि पायाकडे हाताच्या पंजाएवढ्या दोन खिडक्या आहेत, त्यांना जाळी आहे आणि झाकण नाही. झाकण मुद्दाम ठेवले नाही, नाहीतर थंडीत कोणीतरी ती बंद करणारच. दाराला आतून कडी नाही, धक्का दिला की उघडते. काकू, तुमच्या प्रश्नामुळेच दाराची कडी बदलली. आधी आतूनही होती.

त्याच काकूंचा दुसरा प्रश्न अवघड होता. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्या आणि गणपतीच्या मखरांना बंदी आहे, मग शाळेने थर्माकोल का वापरावा? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ताटली दहा मिनिटांत कचऱ्यात जाते आणि गाडी काही वर्षे चालावी, एवढा फरक आहे. पण तो फरक गाडी चालवली तरच खरा. प्रदर्शन झाले आणि मोडून टाकली तर आम्हीसुद्धा मखरच केले म्हणायचे. कापताना उडालेले पांढरे दाणे आम्ही दोन रविवार गटारातून वेचत होतो. शिक्षा म्हणून वेचले, हेही सांगून टाकतो. पुढच्या वेळी करवतीऐवजी तापवलेल्या तारेने कापायचे, उघड्यावर आणि वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहून.

काही मित्रांना वाटते की मोठी करून कारमागे लावू. त्यात आधी कायदा बघा. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात ‘मोटर वाहन’ या शब्दातच ट्रेलर येतो. म्हणजे कारमागे ओढायची गाडी, तिला इंजिन नसले तरी, स्वतः एक वाहन आहे आणि तिला नोंदणी लागते. घरी बनवली आणि हायवेला काढली असे चालत नाही, आणि ताशी ऐंशी किलोमीटरला आमची काड्या मारलेली पेटी मागे धावताना मला बघायचीही नाही. सायकलची गोष्ट वेगळी आहे. पप्पा सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मात्र कारचा विचार दिसला. नोकरीत त्यांनी अर्धा देश तंबूत काढला, पण आई आणि आम्ही भावंडांनी एकही रात्र तंबूत काढलेली नाही. त्यांनी गाडीवर टिचकी मारून पाहिली आणि “रिटायर झाल्यावर बघू” म्हणाले. मी कायद्याचे सांगितले तर म्हणाले, “मग तू सायकल चालव, आम्ही मागं बसतो.”

बसता मात्र येत नाही. गाडी चालू असताना आत माणूस बसणार नाही, हा आमचा पहिला नियम आहे. वाटेत फक्त प्रथमोपचार पेटी, दोन ब्लँकेट आणि पाण्याचे कॅन. आजारी मुलगा मुक्कामाला पोचल्यावर आत झोपेल, रस्त्याने तो ट्रकमधूनच जाईल.

सामान कुठे ठेवायचे हे मात्र मला यूट्यूबने नाही, आबांनी शिकवले. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा वहीतला नकाशा दाखवला. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास बीडकडचे ऊसतोड कामगार बैलगाड्या घेऊन येतात. भांडी, अंथरूण, शेळी, लेकरे, कोपीचे बांबू, सगळा संसार दोन चाकांवर. सहा महिने ते तसेच राहतात. त्यांच्या कोपीत पाऊस कसा येतो ते मी पाहिले आहे, त्यामुळे ‘कॅम्पिंग’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायला मला लाज वाटते. आबांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला आणि विचारले, “कणा कुठं हाय? आरं, वजन मागं गेलं तर गाडी उलाळ हुईल. जराशी धुरजड पायजे.” उलाळ म्हणजे मागे जड, धुरजड म्हणजे पुढे जड. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला आवळते. सायकलमागची गाडी उलाळ झाली तर मागचे चाक हलके होते आणि गाडी शेपटीसारखी डावी-उजवी मारू लागते. परदेशातल्या ट्रेलरवाल्यांचा नियमही तोच आहे, एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी जोडाच्या टोकावर यावा. आबांनी तो इंग्रजी न शिकता सांगितला. आम्ही चाकांचा कणा चार इंच मागे सरकवला आणि पाण्याचे कॅन पुढे बांधले.

उतारावर अजून अडचण आहे. सायकलचे ब्रेक एका माणसासाठी असतात, मागून ३१ किलो आणि सामान ढकलू लागले की ते पुरत नाहीत. गाडीला स्वतःचा ब्रेक बसवायचा आहे, तो झालेला नाही. तोपर्यंत माझा प्रस्ताव साधा आहे: नंदीचा घाट चढायचा-उतरायचा नाही, गाडी पायथ्यापर्यंतच. रस्त्यात उतार आला की खाली उतरून दोघांनी धरून चालायचे. ज्या इन्स्ट्रक्टर सरांनी यासाठी परवानगी नाकारली त्यांचे मी चूक म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की नकार ब्रेकसाठी असेल तर आम्हाला ब्रेक करायला एक महिना द्या, गाडी मोडायला एक दिवस देण्याऐवजी.

आत झोपून कसे वाटते हे लिहिलेच नाही. परवानगी घेऊन मी स्टोअरच्या मागे चार रात्री झोपलो. पहिल्या रात्री शवपेटीत झोपल्यासारखे वाटले. थर्माकोलमुळे बाहेरचा आवाज दबतो आणि स्वतःचा श्वास मोठा ऐकू येतो. दुसऱ्या रात्री पाऊस आला. छपरावर तो टप टप वाजत होता, आत एक थेंब नाही. पहाटे चारला लॅबचा थर्मामीटर बाहेर १६ अंश दाखवत होता आणि आत २१. हीटर वगैरे काही नाही, माझ्याच अंगाची ऊब पाट्यांनी धरून ठेवली होती. चौथ्या रात्री डाव्या कोपऱ्यात ओल दिसली, खिडकीच्या जाळीखालचा जोड नीट भरला नव्हता. तो आता भरला आहे.

मागच्या वर्षी ज्याला ताप आला होता तो आता आठवीत आहे. मी त्याला गाडीत झोपून बघ म्हणालो. त्याने पाय लांब केले, टाच भिंतीला लागत नाही हे दोनदा तपासले आणि म्हणाला, “भय्या, इसमें तो मैं और लंबा भी हो सकता हूँ.”

हॉबी कमिटीची बैठक परीक्षेनंतरच्या शनिवारी आहे. तोपर्यंत गाडी स्टोअरच्या मागे चिंचेखाली उभी आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी रविवारी दुपारी येऊन आत झोपून पाहावे, भिंतीला गुडघा मारून पाहावा, बादलीभर पाणी ओतून पाहावे. फक्त बूट बाहेर काढा, तळाला रंगाचा दुसरा हात अजून द्यायचा आहे.